नोव्हेंबरची सही

अमेरिकेतल्या नावाजलेल्या खासगी कॉलेजांच्या प्रवेशाची पहिली मुदत १ नोव्हेंबरला संपते, काहींची १५ नोव्हेंबरला. म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागेच. मुंबई-पुण्यातल्या ज्या घरांत बारावीचं मूल पदवीसाठी अमेरिकेला जायचं म्हणतंय, तिथे फराळाच्या दिवसांत एकच चर्चा चालू असते: ‘अर्ली डिसिजन’ टाकायचं की नाही? न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये स्थिरावलेल्या मराठी घरांतही तीच. काउन्सेलर म्हणतो, टाका, शक्यता दुप्पट-तिप्पट होते. तो आकडे दाखवतो आणि ते खरेही असतात. लवकर अर्ज केल्याने शक्यता वाढते, हे मलाही मान्य आहे. मात्र ती दाखवलेल्या आकड्यांइतकी वाढत नाही, आणि जेवढी वाढते तेवढीची किंमत मोजावी लागते. निरनिराळ्या कॉलेजांनी देऊ केलेली मदत समोर मांडून तुलना करण्याचा हक्क, ही ती किंमत. ज्या घराला अशी तुलना करायची गरजच नाही त्याला हा सौदा स्वस्तात पडतो. ज्याला मदतीशिवाय पाऊलच टाकता येणार नाही, त्याला तो फार महाग पडू शकतो.

आधी व्यवहार काय आहे ते पाहू. अर्ली डिसिजनमध्ये विद्यार्थी एकाच कॉलेजला सांगतो की तुम्ही घेतलंत तर मी येणारच. तशा करारावर तो स्वतः, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या होतात. डिसेंबरच्या मध्यावर निकाल लागतो. प्रवेश मिळाला तर बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. नकार आला किंवा अर्ज पुढच्या फेरीत ढकलला, तर विद्यार्थी मोकळा. याचंच सौम्य भावंड म्हणजे ‘अर्ली ॲक्शन’: निकाल लवकर, पण बंधन नाही, उत्तर १ मेपर्यंत दिलं तरी चालतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड अर्ली ॲक्शन ठेवतात, फक्त त्याच वेळी इतर खासगी कॉलेजांत लवकर अर्ज करू देत नाहीत. याउलट ब्राऊन, डार्टमथ, कॉर्नेल, कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक आणि ॲमहर्स्ट, विल्यम्ससारखी कितीतरी छोटी कॉलेजं बांधील सहीवर चालतात. काही ठिकाणी जानेवारीत बांधील अर्जाची दुसरी फेरीही असते. डिसेंबरमध्ये एका दारातून परत आलेल्यांसाठी हे दुसरं दार, पण नियम तेच.

आता काउन्सेलर दाखवतो तो आकडा. ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या २०२८ साली पदवीधर होणाऱ्या तुकडीसाठी ६,२४४ जणांनी अर्ली डिसिजनने अर्ज केला आणि त्यांतल्या ८९८ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे १४.४ टक्के. त्या वर्षी एकूण अर्ज सुमारे ४८,९०० आणि एकूण प्रवेशपत्रं २,५२१, प्रमाण ५.२ टक्के. नोव्हेंबरवाले वगळले तर जानेवारीत अर्ज करणाऱ्यांच्या वाट्याला उरतात १,६२३ प्रवेशपत्रं, प्रमाण ३.८ टक्क्यांच्या आसपास. एकीकडे चौदा, एकीकडे चार. शिवाय ब्राऊनची पहिल्या वर्षाची तुकडी साधारण सतराशेची असते, म्हणजे निम्म्याहून अधिक जागा ख्रिसमसच्या आधीच भरून गेल्या. हे वाचून पालकांचा हात पेनाकडे जातो यात नवल नाही. सत्त्याऐंशी टक्के लोक ज्या दारात उभे आहेत ते दार आणखी अरुंद झालेलं असताना कोण तिथे रांग लावेल?

पण या चौदा टक्क्यांत कोण कोण आहे ते पाहायला हवं. अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळाचे प्रशिक्षक आपले खेळाडू आधीच हेरून ठेवतात. रोइंग, लॅक्रॉस, स्क्वॉश, फुटबॉल अशा संघांच्या जागा ठरलेल्या असतात आणि ज्यांना प्रशिक्षकाने होकार दिलाय त्यांना अर्ज अर्ली डिसिजननेच करायला सांगितलं जातं. त्यांचा अर्ज बहुतेक वेळा नुसता उपचार असतो. ज्यांचे आईवडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत, अशी मुलंही याच गठ्ठ्यात दाटीने असतात. घराण्याची परंपरा असेल तर पहिली पसंती ठरवायला वेळ लागत नाही. उदाहरणापुरतं धरून चालू की ८९८ पैकी २०० जण हेरलेले खेळाडू होते. ते दोन्ही बाजूंनी वजा केले की ६,०४४ अर्जांमागे ६९८ प्रवेश उरतात, प्रमाण साडेअकरा टक्क्यांवर येतं. माजी विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची मुलं बाजूला काढली तर ते आणखी उतरेल. ठाण्यातल्या किंवा नाशिकच्या मुलाला रोइंगचा प्रशिक्षक ओळखत नसतो आणि त्याचे आजोबा ब्राऊनला शिकलेले नसतात. त्याची तुलना या उरलेल्या गठ्ठ्याशी करायची, चौदा टक्क्यांशी करून उपयोग नाही.

कॉलेजं याच्याही एक पायरी पुढे जातात. ती म्हणतात, लवकर अर्ज करणारी मुलं मुळातच जास्त तयारीची असतात, म्हणून त्यांचं प्रमाण जास्त. पद्धतीचा त्यात काही हात नाही. हार्वर्ड वर्षानुवर्षं हेच सांगत आलं आहे. हा युक्तिवाद तपासून पाहण्याचं काम ख्रिस्तोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर या तिघांनी केलं. पहिला आणि तिसरा हार्वर्डमधले अर्थशास्त्रज्ञ, तर फेअरबँक्स वेस्लियन युनिव्हर्सिटीच्या प्रवेश कार्यालयात काम केलेला माणूस. २००३ साली आलेल्या ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ या पुस्तकात त्यांनी चौदा निवडक कॉलेजांकडे १९९०च्या दशकात आलेल्या पाच लाखांहून अधिक अर्जांची छाननी केली. सारखे गुण, सारखी पार्श्वभूमी असलेले अर्ज शेजारी शेजारी ठेवले, तरी लवकर आलेल्या अर्जाचं पारडं जड राहिलं. किती? सोळाशेपैकी मोजल्या जाणाऱ्या एसएटी परीक्षेत सुमारे शंभर गुण जास्त मिळाले असते तर जेवढा फायदा झाला असता, जवळपास तेवढं. क्लास लावून शंभर गुण वाढवायला मुलांना किती घाम गाळावा लागतो, हे पालकांना सांगायला नको.

ही माहिती पंचवीस-तीस वर्षं जुनी आहे, असा आक्षेप कुणी घेईल. रास्त आक्षेप आहे. तेव्हा ही कॉलेजं आजच्यापेक्षा कितीतरी सढळ हाताने प्रवेश देत होती. पण ज्या कारणाने कॉलेज नोव्हेंबरच्या अर्जाला झुकतं माप देतं ते कारण आज विरलेलं नाही, उलट बळावलं आहे. ‘कॉमन ॲप’ या एकाच ऑनलाइन अर्जावरून आज एक विद्यार्थी वीस कॉलेजांना अर्ज करू शकतो. अर्ज वाढले, पण मूल शेवटी एकाच ठिकाणी जाणार. मग आपलं पत्र मिळालेल्यांपैकी किती जण खरोखर येतील याचा अंदाज बांधणं कॉलेजला अवघड झालं. येणाऱ्यांच्या या प्रमाणाला प्रवेश कार्यालयं ‘यील्ड’ म्हणतात आणि त्यावर त्यांची रात्रीची झोप अवलंबून असते. पत्रं जास्त गेली तर वसतिगृहात खोल्या पुरत नाहीत, कमी गेली तर फीचं उत्पन्न बुडतं.

एक हिशेब मांडून पाहू. समजा एका कॉलेजात १,५०० जागा आहेत, ३०,००० अर्ज आले आणि पत्र मिळालेल्यांपैकी ३० टक्के मुलं येतात. जागा भरायला ५,००० पत्रं पाठवावी लागतील. प्रवेशाचं प्रमाण जवळजवळ १७ टक्के. आता याच कॉलेजने निम्म्या, म्हणजे ७५० जागा बांधील सहीवर भरल्या. त्यांच्यासाठी ७५०च पत्रं लागली, कारण ते सगळे येणारच. उरलेल्या ७५० जागांसाठी २,५०० पत्रं. एकूण ३,२५०. प्रवेशाचं प्रमाण ११ टक्क्यांच्या खाली आलं, यील्ड ३० वरून ४६ टक्क्यांवर गेलं. वर्ग तोच, शिक्षक तेच, ग्रंथालय तेच, आणि कॉलेज एका वर्षात ‘अधिक निवडक’ झालं! जेम्स फॅलोज या पत्रकाराने २००१ साली ‘द अटलांटिक’ मासिकात ही युक्ती चव्हाट्यावर मांडली होती. अमेरिकन कॉलेजांची क्रमवारी छापणाऱ्या ‘यू. एस. न्यूज’ने पुढे यील्ड आणि नंतर प्रवेशाचं प्रमाण हे दोन्ही आपल्या गणितातून काढून टाकले, तरी सवय मोडली नाही. कारण क्रमवारीपलीकडेही एक लाभ उरतोच: जो दुसरीकडचा भाव न विचारता येतो, त्याला सवलत देऊन ओढून आणावं लागत नाही.

कॉलेजांच्या बाजूनेही एक सरळ म्हणणं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. ज्याला खरोखर आपल्याकडेच यायचंय अशा मुलाला आधी घेण्यात गैर काय? ॲव्हरी आणि जोनाथन लेव्हिन यांनी २०१०च्या आपल्या शोधनिबंधात नेमकं हेच दाखवलं की वीस ठिकाणी अर्ज करण्याच्या काळात ओढीची खात्री पटवणारी खूण म्हणजे लवकर अर्ज. पण ओढ दाखवायला बंधन लागतंच का? हार्वर्ड बांधून घेत नाही, तरी तिथे पत्र मिळालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं जातातच. जॉर्जटाउन युनिव्हर्सिटी अर्ली ॲक्शन ठेवते आणि लवकर व नंतर आलेल्या अर्जांना साधारण सारख्याच प्रमाणात प्रवेश द्यायचा, असं धोरण वर्षानुवर्षं पाळते. कॉलेजने मनावर घेतलं तर झुकतं माप टाळता येतं, याला एवढा पुरावा पुरे.

मग सगळेच का टाळत नाहीत? ते करूनही पाहिलंय. येलचे अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन यांनी २००१ मध्ये बांधील अर्जाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि पुढच्याच वर्षी येल व स्टॅनफर्ड यांनी तो सोडून अर्ली ॲक्शन स्वीकारल्याचं जाहीर केलं. २००६ मध्ये हंगामी अध्यक्ष डेरेक बॉक यांच्या काळात हार्वर्डने तर लवकर प्रवेशाची फेरीच बंद करायचं ठरवलं. ही पद्धत आधीच सुस्थितीत असलेल्यांना आणखी सुस्थितीत नेते, असं कारण दिलं गेलं. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी मागोमाग आल्या. बाकीचे मात्र जागचे हलले नाहीत. पाच वर्षांत तिन्ही संस्थांनी लवकर प्रवेशाची फेरी पुन्हा सुरू केली. पुढे व्हर्जिनियाने तर बांधील अर्जही परत आणला. वंशाधारित प्रवेशावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर २०२३ मध्ये व्हर्जिनिया टेकने अर्ली डिसिजन सोडलं. २०२५ मध्ये मिशिगनसारख्या बड्या सरकारी विद्यापीठाने ते नव्याने सुरू केलं. एकट्याने शहाणपणा करायला कुणी तयार नाही, आणि एकत्र बसून ठरवावं तर संगनमताचा कायदा आड येतो. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१९ मध्ये प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेला आपल्या आचारसंहितेतले अर्ली डिसिजनसंबंधीचे नियम मागे घ्यायला लावले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात ३२ कॉलेजांविरुद्ध खटलाच दाखल झाला. स्पर्धा मारून फी चढी ठेवण्यासाठी ही पद्धत वापरली जाते, हा त्यातला आरोप.

इथे आपल्याकडच्या पालकांना एक ओळखीची गोष्ट आठवेल. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगच्या कॅप फेरीतही पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीझ होते. तेही बंधनच. पण तिथे मागच्या वर्षीचे कटऑफ फेरीनिहाय उपलब्ध असतात आणि प्रत्येक कॉलेजची फी फॉर्म भरण्याआधी कळते. पसंतीक्रम लावणारा माणूस काय घेतोय आणि कितीला घेतोय हे दोन्ही जाणून असतो. अर्ली डिसिजनच्या करारावर सही करताना आपल्या घराला नक्की किती पैसे भरावे लागतील, हा आकडाच समोर नसतो.

आणि तो आकडा लहान नसतो. अशा कॉलेजांत राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. रुपयांत पंचाहत्तर लाखांहून जास्त, चार वर्षांचा हिशेब तीन कोटींच्या वर. अमेरिकन नागरिकांसाठी अंदाज बांधण्याची सोय आहे. २०११ पासून कायद्याने तिथल्या कॉलेजांना संकेतस्थळावर खर्चाचं गणकयंत्र ठेवावं लागतं. पुण्यातल्या कुटुंबाचं उत्पन्न, शेतीचा हिस्सा, सोसायटीतला फ्लॅट, आजीच्या नावावरची एफडी या गोष्टी त्यात बसवायला गेलं की उत्तर भरवशाचं राहत नाही. त्याहून मोठी गोम पुढे आहे. बहुतेक अमेरिकन कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे का, हे प्रवेश देताना लक्षात घेतात. मदत मागणाऱ्यांसाठी तिजोरी ठरावीक असते. म्हणजे लवकर अर्ज केल्याने एका हाताने मिळालेलं झुकतं माप, मदतीच्या अर्जामुळे दुसऱ्या हाताने काढून घेतलं जाऊ शकतं. ‘आधी मदत मागू नका, आत गेल्यावर बघू’ असा सल्ला काही जण देतात, तो तर थेट खड्ड्यात नेणारा. प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे ती मागताच येत नाही, असा नियम बऱ्याच कॉलेजांत आहे. अमेरिकेत लहानाचं मोठं झालेलं, पण आईवडील ग्रीनकार्डच्या रांगेत अडकल्याने एच-४ व्हिसावर असलेलं मराठी मूलही बऱ्याच खासगी कॉलेजांत मदतीपुरतं परदेशीच धरलं जातं. एडिसनच्या शाळेत पहिली आलेली मुलगी आणि डोंबिवलीतली मुलगी या एका बाबतीत एकाच रांगेत असतात.

‘पैसे पुरले नाहीत तर करारातून सुटता येतं की’, हे उत्तर नेहमी मिळतं. ते खरं आहे. मदत इतकी अपुरी असेल की जाणंच शक्य नाही, तर विद्यार्थ्याला मोकळं करण्याची तरतूद करारात असते. पण घराला काय परवडतं याचा हिशेब कॉलेज आपल्या सूत्राने करतं, तुमच्या नाही; आणि बोलायला बसाल तर हातात तुलनेला दुसरं पत्र नसतं. तोवर डिसेंबर सरत आलेला असतो आणि इतर कॉलेजांची मुदत १ जानेवारीच्या आसपास. दहा-बारा निबंध पंधरा दिवसांत, बारावीच्या प्रिलिम तोंडावर. करार कोर्टात टिकणार नाही, म्हणून सरळ मोडावा, असंही बेधडक सांगणारे भेटतात. कुठलं कॉलेज विद्यार्थ्यावर दावा लावणार, हे म्हणणं ठीक. पण शिक्षा वेगळ्या वाटेने येते. टुलेन युनिव्हर्सिटीने २०२५ मध्ये डेन्व्हरच्या एका शाळेतल्या मुलांचे अर्ली डिसिजनचे अर्ज एका वर्षासाठी बंद केले, कारण आधीच्या तुकडीतल्या एकाने शब्द फिरवला होता. ज्या भारतीय शाळेतून वर्षाला चार-पाच मुलं अमेरिकेला जातात, तिच्या पुढच्या तुकडीला असा फटका बसला तर तो कुणाच्या खात्यावर लिहायचा? शिवाय व्हिसाची टांगती तलवार आहेच. मे-जून २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या. डिसेंबरमध्येच बाकी सगळे अर्ज मागे घेतलेल्या मुलापाशी अशा वेळी दुसरा पर्याय शिल्लक राहत नाही.

आणखी एक आक्षेप उरतो: एवढ्या अटी पाहत बसलो तर हातची संधी जाईल, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत ते पुढे निघून जातील. हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो खरा आहे. पद्धत अन्याय्य आहे म्हणून तिच्या बाहेर राहिल्याने आपल्या मुलाचं भलं होत नाही. म्हणूनच सरसकट ‘टाकू नका’ म्हणणं चूक ठरेल. ज्या घराला पूर्ण खर्च झेपतो आणि मुलाची पहिली पसंती मनापासून ठरली आहे, त्याने अर्ली डिसिजन जरूर वापरावं; फायदा खरा आहे आणि त्या घराचं नुकसान जवळपास काही नाही. मदतीची गरज असलेल्यांसाठीही एक मोकळी वाट आहे, फक्त अरुंद. ॲमहर्स्ट, बोडन, डार्टमथ आणि अलीकडे ब्राऊन ही कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही प्रवेश देताना ऐपत पाहत नाहीत, घेतलं तर गरजेइतकी मदत देतात आणि अर्ली डिसिजनही ठेवतात. तिथे झुकत्या मापाचा लाभ मदत मागूनही टिकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनही ऐपत पाहत नाहीत आणि तिथे तर बांधून घेणारी सहीच नाही. मदतीची गरज असलेल्या मराठी विद्यार्थ्याची नोव्हेंबरची यादी या नावांपासून सुरू व्हायला हवी. ज्या कॉलेजात ऐपत पाहिली जाते आणि सहीही मागितली जाते, तिथे त्याने जानेवारीपर्यंत थांबावं, प्रमाण कितीही कमी दिसलं तरी. तीन-साडेतीन टक्क्यांत मिळालेलं परवडणारं पत्र कामाचं. दहा टक्क्यांत मिळालेलं न परवडणारं पत्र भिंतीवर लावण्यापुरतं.

पालकांना एकच विनंती. करारावर सही करण्यापूर्वी त्या कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा: परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर प्रवेशावर परिणाम होतो का, आमचं उत्पन्न आणि मालमत्ता ही अशी आहे, तर वर्षाला अंदाजे किती रक्कम भरावी लागेल, आणि हेरलेले खेळाडू वगळून अर्ली डिसिजनचं प्रमाण किती. तिसऱ्याचं उत्तर बहुधा येणार नाही. पहिल्या दोन्हींचं उत्तर लेखी आलं नाही, तर सही करू नका.